सगळ्यांची घाण, कोणाचा हिशेब?

किनारपट्टीवरची नारळी पौर्णिमा समुद्राची, सोलापूरच्या पूर्व भागातली मार्कंडेय महामुनींची. कोळी बांधव दर्याला नारळ वाहतात त्याच दिवशी इथला पद्मशाली समाज नवे जानवे घालतो आणि महामुनींचा रथ वाजतगाजत निघतो. तेलंगणातून पोटासाठी आलेल्या विणकरांनी हा सण सोबत आणला आणि भवानी पेठ, साखर पेठ, दाजी पेठेत तो आता पिढ्यान्‌पिढ्यांचा झाला आहे. मार्कंडेयांचे पुत्र भावनाऋषी यांनी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणले, ही विणकरांची मूळकथा. पण पुराणांत मार्कंडेयांची आणखी एक ओळख आहे. प्रलय पाहून मागे उरलेला ऋषी तो हाच. सगळी सृष्टी बुडालेली, चहूकडे पाणीच पाणी, त्यात एकटाच हिंडणारा हा ऋषी आणि वडाच्या पानावर पहुडलेले बाळ. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावाने जलप्रलयाच्या साक्षीदाराला कुलपुरुष मानावे, हा योग गमतीचा खरा. यंदा त्याकडे जरा थांबून पाहावेसे वाटते.

कारण पॅसिफिक महासागरात काही देशांसाठी प्रलय ही आता पुराणातली गोष्ट उरलेली नाही. तुवालू हा त्यांतला एक. नऊ बेटे मिळून २६ चौरस किलोमीटर जमीन, अकरा हजारांच्या आसपास लोकसंख्या. लोकसंख्येने पाहिले तर आपल्या महापालिकेच्या एका प्रभागात असे तीन देश मावतील. सर्वांत उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून पाच मीटरपेक्षा कमी. तिथे नदी नाही. छपरावरचा पाऊस टाक्यांत साठवायचा आणि वर्षभर पुरवायचा. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर होता, त्यात समुद्र शिरू लागला आहे. २०११ साली पाऊस लांबला तेव्हा चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या या देशाला पाण्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. खारे पाणी गोडे करण्याची यंत्रे न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने धाडली तेव्हा लोकांचे भागले. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार आता दरवर्षी २८० तुवालूवासीयांना तिथे कायमचे जाऊन राहता येते. गेल्या वर्षी या सोडतीची पहिली नोंदणी झाली, तेव्हा कुटुंबीयांसह सुमारे पावणेनऊ हजार लोकांनी नावे घातली. देशच्या देश रांगेत उभा राहिला, असेच म्हणायला हवे.

पोटापाण्यासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे सोलापूरच्या घोंगडे वस्ती किंवा मड्डी वस्तीतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्याचे आजोबा-पणजोबा तसेच आले. पण त्यांच्या मागे गाव उरले होते. लग्नकार्याला, जत्रेला परत जाता येत होते. तुवालूच्या माणसाला परतायला जागा राहील की नाही, याचीच शाश्वती नाही.

हे सांगण्याचे निमित्त मात्र तुवालूचे नाही, त्याच्या शेजारच्या वानुआतूचे आहे. २०१९ मध्ये तिथल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या सत्तावीस मुलांनी एक प्रश्न धरून ठेवला: हवामान बिघडवणाऱ्या देशांवर कायद्याने काही बंधन आहे की नाही, आणि बंधन मोडले तर पुढे काय? मुलांनी तो सरकारच्या गळी उतरवला. सरकारने इतर देशांची मोट बांधली. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने तो प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवला. डिसेंबर २०२४ मध्ये नव्वदहून अधिक देशांनी तिथे बाजू मांडली आणि गेल्या वर्षी २३ जुलैला न्यायालयाने आपले मत दिले. पंधराही न्यायाधीशांचे एकमत होते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, त्याने कोणाला दंड होत नाही की कोणाची भिंत पडत नाही. पण स्वच्छ, निरोगी पर्यावरण ही अनेक मानवी हक्कांची पूर्वअट आहे आणि ते राखणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

सोलापूरच्या दृष्टीने त्या मतातला एक मुद्दा फार मोलाचा वाटतो. मोठ्या देशांचा ठरलेला बचाव असा होता: धूर सगळ्यांचाच, वर जाऊन तो एक झाला, मग बेट बुडाले ते नेमके कोणाच्या धुराने हे कसे ठरवणार? न्यायालयाने हा बचाव मानला नाही. नुकसान अनेकांनी मिळून केले म्हणून एकेकाची जबाबदारी संपत नाही. कोणाचा वाटा किती, हे शास्त्राने काढता येते. भारतानेही त्या सुनावणीत बाजू मांडली होती, आणि ज्यांनी आजवर जास्त धूर सोडला त्यांनी जास्त भार उचलावा, असाच तिचा रोख होता. आपल्या देशाने जगापुढे घेतलेली ही भूमिका योग्यच आहे. आता ती घेऊन भीमेच्या काठाने खाली येऊ या.

जुन्या वाड्यातली सामायिक मोरी सगळ्यांना आठवत असेल. वापरायला सगळे, धुवायला कोणी नाही, आणि तुंबली की जो तो दुसऱ्या बिऱ्हाडाकडे बोट दाखवणार. भीमा नदीचे आपण नेमके हेच केले आहे. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी पुणे-पिंपरीचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात आणि भीमा ते उजनी धरणात आणून ओतते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे निश्चित केले. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते, सर्व राज्यांत जास्त. मुळा, मुठा आणि भीमा या यादीत आहेत. पुण्याचे मैलापाणी पुरते शुद्ध व्हावे म्हणून जपानी कर्जातून अकरा केंद्रांची योजना मंजूर झाली, त्याला दहा वर्षे झाली. या दहा वर्षांत पुणे कितीतरी वाढले. उन्हाळ्यात उजनीच्या पाण्यावर हिरवी साय धरते, फुगवट्यात जलपर्णी पसरते, भिगवणला रोहित पक्षी पाहायला गेलेले पर्यटक नाकाला रुमाल लावून परततात. पुढे हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते आणि लाखो वारकरी तिच्यात उतरतात. २०१६ मध्ये सरकारने ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा केली. घोषणेला नाव चांगले शोधले होते.

उजनीची क्षमता ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा. पाऊस कमी झाला की धरण ‘मायनस’मध्ये जाते आणि तळातले पाणी उपसावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोहोचले होते. साठा आटला की घाण दाट होते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. शहरासाठी टाकळीला होणाऱ्या उपशाकरिता नदीत पाणी सोडायचे झाले की एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी सोडावे लागते, आणि शहराच्या तोंडी पडते त्याचा लहानसा हिस्सा. बाकीचे वाटेत मुरते, उडते, उसाला जाते. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहराला नळ चार-पाच दिवसांआड, ही गोष्ट आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की तिची लाजही वाटेनाशी झाली आहे. उजनीपासून सोलापूरपर्यंत ११० किलोमीटरची, रोज १७० दशलक्ष लिटर पाणी आणू शकणारी समांतर जलवाहिनी घातली गेली, ते बरेच झाले. पण नळ कितीही मोठा घातला तरी धरणात जे असेल तेच त्यातून येणार.

तेव्हा पुण्याला जाब विचारण्याचा सोलापूरला पूर्ण हक्क आहे, आणि वानुआतूच्या मुलांनी तो कसा विचारायचा हेही दाखवून दिले आहे. मात्र वानुआतूची दुसरी बाजूही पाहायला हवी. मुलांनी हा प्रश्न हाती घेण्याच्या वर्षभर आधी, जुलै २०१८ मध्ये, त्या देशाने एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशव्या, नळ्या आणि थर्मोकोलच्या डब्यांवर बंदी आणली होती. जगाच्या प्लास्टिकमध्ये या देशाचा वाटा तो किती! तरी त्यांनी आपल्या वाट्यापासून सुरुवात केली.

आपला वाटा कुठला? भवानी पेठेत उभे राहिले की तो डोळ्यांना दिसतो, निदान पूर्वी तरी नाल्याच्या रंगावरून दिसायचा. सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल यांची खासियत अशी की इथे सूत आधी रंगवतात आणि मग विणतात. चादरीवरची नक्षी जकार्डवर उठते ती रंगीत सुताचीच. म्हणून यंत्रमागांच्या सोबतीने डाईंग हाऊस आलीच. सूत धुवायचे, ब्लिचिंग करायचे, कॉस्टिक, रंग, साबण आणि पुन्हा पुन्हा धुणे. सुताला न चिकटलेला रंग पाण्यातच राहतो. रंग निदान दिसतो तरी, म्हणून त्याची ओरड होते. खरा गुन्हेगार दिसत नाही, तो म्हणजे मीठ. रिॲक्टिव्ह जातीचा रंग सुतावर चढावा म्हणून कुंडात मीठ घालावे लागते आणि गडद छटेसाठी ते लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅमच्या वर जाते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅम असते. म्हणजे गडद निळ्या टॉवेलच्या सुतासाठी आपण सोलापुरात समुद्राहून खारट पाणी तयार करतो आणि काम झाले की ते सोडून देतो. मैलाशुद्धीकरणाच्या साध्या केंद्रात जिवाणू काम करतात. ते मळ खातात, मीठ खात नाहीत. पाणी दिसायला बरेच स्वच्छ होऊन बाहेर पडते, पण खारटपणा तसाच. ते नाल्यातून शेतात गेले, जमिनीत मुरले, की विहिरीला आणि बोअरला लागते. तुवालूच्या विहिरी ज्या कारणाने बिघडल्या त्याचा इथल्या नाल्याशी काहीही संबंध नाही, पण विहिरीवर बादली घेऊन आलेल्या बाईला दोन्हीकडे चव एकच लागते.

याचा शेवट कसा होतो हेही पाहून ठेवले पाहिजे. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरची गोष्ट वस्त्रोद्योगात कोणाला ठाऊक नाही? बनियन-टीशर्टच्या निर्यातीवर ते शहर गब्बर झाले आणि नोय्यल नदी रंगाची गटार झाली. शेतीसाठी बांधलेल्या ओरतुपाळयम धरणात रंगपाणी साठले आणि ज्या शेतकऱ्यांसाठी धरण बांधले तेच ते पाणी सोडू नका म्हणून न्यायालयात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेच्या वर डाईंग कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. एका दिवसात शहराचा धंदा ठप्प. पुढे पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट घालून, पाणी आणि मीठ दोन्ही परत वापरणारी सामायिक केंद्रे उभी राहिली आणि कारखाने टप्प्याटप्प्याने सुरू झाले. तंत्रज्ञान महागडे आहे, वीज खाते, उरलेल्या मिठाच्या घट्ट चिखलाचे करायचे काय हा प्रश्न तिथेही पुरता सुटलेला नाही. तरीही ते चालते. आधी केले असते तर मजुरांना कित्येक महिने घरी बसावे लागले नसते.

सोलापूरचे कारखाने तिरुप्पूरपेक्षा लहान, बरेचसे घरातच किंवा घराला लागून. दोन-चार माग आणि एक शेड घेऊन बसलेल्या माणसाला स्वतःचे शुद्धीकरण केंद्र उभारा म्हणणे म्हणजे दार बंद कर म्हणण्यासारखेच आहे. इथे ‘प्रदूषण करणारा तो पैसे भरणारा’ हे तत्त्व तोंडावर फेकून भागणार नाही. जुनी गिरणी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, गिरण्यांमागून आलेले यंत्रमागही आता भिवंडी-इचलकरंजीच्या आणि परदेशी मालाच्या स्पर्धेत धापा टाकत आहेत. मागवाल्यांच्या बायका घरी विड्या वळतात म्हणून चूल पेटते. या माणसांवर नोटिसा चिकटवून पर्यावरण सुधारेल असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा महिनाअखेरीस मड्डी वस्तीत फिरून यावे.

पण गरिबी हाही तोच जुना बचाव होऊ नये: सगळेच सोडतात, माझ्या एका शेडने काय होते? हेगमध्ये मोठ्या देशांनी हेच वाक्य जरा मोठ्या इंग्रजीत म्हटले होते.

दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडलला भीमा आणि सीना मिळतात. संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आपल्या भाषेतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. लोक तो पाहायला आणि अनेकमुखी शिवलिंगाच्या दर्शनाला जातात. नदीकडे कमी जणांचे लक्ष जाते. तिथे दोन पाणी एक होतात. भीमेतून पुणे येते आणि सीनेच्या खोऱ्यातून सोलापूर येते, देगावच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात शुद्ध झालेले आणि तिथवर न पोचता नाल्यांतूनच निसटलेले. संगमाच्या पुढे कोणाची घाण कोणती, हे उघड्या डोळ्यांनी सांगता येत नाही. पुढची गावे अक्कलकोटची आणि कर्नाटकातली. पुण्याला आपण जे म्हणतो तेच त्यांनी आपल्याला म्हणावे, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकायची आपली तयारी असावी. गेल्या सप्टेंबरात सीनेला आलेल्या महापुराने माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत गावे वेढली, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा जिल्हा होड्या शोधत होता. तेव्हा नाले, सांडपाणी, रंगपाणी सगळे एकाच लाटेत शेतांवर पसरले आणि मातीत राहिले.

वाटा मोजता येतो, हे मान्य केले तर पुढची कामे अवघड नाहीत, कंटाळवाणी आहेत. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ भीमेच्या पाण्याचे नमुने दर महिन्याला घेतेच. त्याच दिवशी महापालिकेने शहरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी नमुना घ्यावा आणि क्षारांचे आकडे प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावेत. मीठ मोजायचे मीटर खिशात मावते आणि त्याची किंमत एका चादरीच्या आसपास असते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या मुलांना हे काम प्रकल्प म्हणून द्यावे. चार वर्षे प्रशासकाच्या हाती राहिलेल्या महापालिकेत जानेवारीच्या निवडणुकीनंतर पुन्हा नगरसेवक बसले आहेत. पूर्व भागातल्या नगरसेवकांनी डाईंगच्या पाण्यासाठी सामायिक केंद्र आणि वेगळी वाहिनी यांचा आराखडा सभागृहात मागावा. लहान कारखानदाराला पाण्याच्या मापाप्रमाणे वर्गणी, भांडवल सरकारचे. देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट सिटींत २०१६ मध्ये निवडले गेलेल्या शहराला ही मागणी जड वाटू नये. आणि वर्षभराचे आकडे हाती आले की ते घेऊन पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडे जावे. हातात स्वतःचे आकडे असलेल्या गावाला समोरचा पक्ष ‘तुमचेच नाले पाहा’ म्हणून वाटेला लावू शकत नाही.

राहता राहिला खर्च. सोलापूरचा टॉवेल परदेशी जातो, तेव्हा तिकडचे खरेदीदार कापडाला अपायकारक रसायन नसल्याचे प्रमाणपत्र मागतात. ओइको-टेक्स स्टँडर्ड १००चा शिक्का त्यांच्या ग्राहकाच्या कातडीची काळजी घेतो. सूत रंगवताना मागे राहिलेल्या पाण्याबद्दल तो शिक्का काही बोलत नाही, आणि ते पाणी इथेच राहते. टॉवेलचा दर ठरवताना रंगपाणी शुद्ध करण्याचा खर्च वेगळ्या रकान्यात लिहून खरेदीदारापुढे ठेवायला हवा. एकट्या कारखानदाराने तो ठेवला तर ऑर्डर शेजाऱ्याकडे जाईल, हे उघड आहे. म्हणून तो कारखानदारांच्या संघाने, सगळ्यांच्या वतीने, एका आकड्यात ठेवावा. परवा रथापुढे चालताना पूर्व भागातले बहुतेक कारखानदार एकत्र येतीलच. बैठकीसाठी निराळी तारीख शोधायला नको.